इंग्लिश खाडीच्या तोंडाशी, जीपीएस न बघता

जुन्या साधनांनी समुद्रात वाट शोधायला शिकवणाऱ्या, शिडाच्या जहाजावरच्या एका सफरीला जाऊन आलो. आधी निकाल सांगून टाकतो: पैसे वसूल. मात्र जाहिरातीत ज्या गोष्टीचा फोटो सगळ्यात मोठा छापलाय, तिच्यामुळे नाही. फोटोत एक दाढीवाले गृहस्थ पितळी ॲस्ट्रोलेब, म्हणजे सूर्याची उंची मोजायचं जुनं यंत्र, डोळ्याला लावून सूर्याकडे बघताना दाखवलेत. ॲस्ट्रोलेबमधून सूर्याकडे कोणी बघत नसे. बघितलं असतं तर दुसऱ्या दिवशी बघायला डोळा उरला नसता. ते जड कडं अंगठ्याला अडकवून लोंबतं सोडायचं, मधली पट्टी फिरवायची आणि वरच्या भोकातून आलेला उजेडाचा ठिपका खालच्या भोकावर पाडायचा. डोळा लागतो तो ठिपका बघायला. जहाजावरच्या शिक्षिकेने हे पहिल्याच तासाला नीट समजावलं, म्हणजे कंपनीत माहीतगार माणसं आहेत. जाहिरात करणारा खोलीत बसलेला असणार.

सफर अशी आहे. दोन डोलकाठ्यांची लाकडी ब्रिग, अठराव्या शतकाच्या शेवटच्या आराखड्यावरून अलीकडे बांधलेली. निघायचं कॉर्नवॉलमधल्या फॉलमथहून, उतरायचं फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या कामारेला. नकाशावर बघाल तर फॉलमथ आणि ब्रिटनीच्या टोकाचं उशाँ बेट जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, अंतर जेमतेम शंभर मैल, सरळ दक्षिणेला. वारा बरा असेल तर एका दिवसाचं काम. पण हे लोक तसं नेत नाहीत. कॉर्नवॉलच्या पश्चिमेच्या सिली बेटांना वळसा घालून नैर्ऋत्येला मोकळ्या समुद्रात जातात आणि मग जणू वेस्ट इंडीजहून परतणारं जहाज आहे अशा थाटात पूर्वेला वळून खाडीचं तोंड शोधतात. आठवडाभर प्रवाशांना अठराव्या शतकानंतरचं एकही यंत्र दाखवत नाहीत. जीपीएस, रडार, आसपासच्या जहाजांची ओळख देणारं एआयएस सगळं चालू असतं, कायद्यानेही आणि शहाणपणानेही. पण ते चार्टरूममध्ये, पडद्याआड, कॅप्टन आणि त्याच्या मेटपुरतं, म्हणजे हाताखालच्या अधिकाऱ्यापुरतं.

मी नोकरी केली ती कंटेनर जहाजांवर आणि टँकरवर, डेक ऑफिसर म्हणून. सेक्स्टंट, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं आरशांचं यंत्र, परीक्षेसाठी शिकलो आणि नंतर हौसेने वापरत राहिलो. त्यामुळे मला या सफरीकडून काय हवं होतं ते पक्कं ठाऊक होतं. सूर्य मोजायला मला कोणी शिकवायला नको होतं. सूर्य ढगाआड गेल्यावर ही मंडळी काय करत, ते हातांनी करून बघायचं होतं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. छोटी आहे, आणि खाली चार तक्रारीही आहेत.

सुरुवात लॉगपासून, म्हणजे जहाजाचा वेग मोजायच्या साधनापासून. हाच सफरीचा खरा जीव आहे. लाकडाचा चतकोर पोळीसारखा तिकोनी तुकडा, गोल कडेला शिसं ओतलेलं म्हणजे पाण्यात उभा राहतो. त्याला बांधलेली लांब दोरी एका रिळावर. एकजण रीळ डोक्यावर धरतो, दुसरा तुकडा वाऱ्याआडच्या बाजूने मागे टाकतो, तिसऱ्याच्या हातात छोटं वाळूचं घड्याळ. सुरुवातीची दोरी तशीच जाऊ द्यायची, कारण जहाजाच्या मागच्या खळबळीतून तुकडा बाहेर पडायला हवा. मग लाल चिंधी हातातून सुटली की घड्याळ उलटं. वाळू संपली की ओरडायचं, दोरी पकडायची आणि किती गाठी गेल्या ते मोजायचं. जितक्या गाठी तितके नॉट, म्हणजे तासाला तितके सागरी मैल. ही रीत छापील पुस्तकात पहिल्यांदा आली 1574 मध्ये, विल्यम बॉर्न नावाच्या इंग्रजाने लिहिली. आज उपग्रहाकडून वेग घेणारं जहाजही तो नॉटमध्येच सांगतं.

आमच्या दोरीवर दोन गाठींमधलं अंतर 47 फूट 3 इंच आणि घड्याळ 28 सेकंदांचं. गणित सोपं आहे: एक सागरी मैल 6080 फूट धरला तर 28 सेकंदांत जहाज एका नॉटला तेवढंच सरकतं. पण हे बरोबर माप यायला फार काळ गेला. सतराव्या शतकातले इंग्रज खलाशी 42 फुटांवर गाठ मारत आणि घड्याळ 30 सेकंदांचं वापरत. रिचर्ड नॉर्वुडने 1630च्या दशकात लंडन ते यॉर्क अंतर मोजून काढलं, अक्षांशाच्या एका अंशाची लांबी ठरवली आणि 1637 मध्ये छापून सांगितलं की बाबांनो, 30 सेकंदांना सुमारे 50 फूट हवेत. ऐकलं कोणी? पिढ्यान्‌पिढ्या 42 फूटच चालू राहिलं. अडाणीपणा म्हणावा, तर नाही. गाठी जवळ असल्या की वेग जास्त दिसतो, म्हणजे हिशोबात जहाज प्रत्यक्षापेक्षा पुढे असतं. जमीन आली असं वाटून तुम्ही आधीच सावध होता आणि जमीन मागाहून येते. उलटं झालं तर जमीन आधी येते, रात्री, आणि तुम्ही खाली झोपलेले असता. चूक करायचीच तर कुठल्या बाजूला करायची, हे त्यांनी दोरीतच बांधून ठेवलं होतं. सफरीतलं हे मला सगळ्यात आवडलं, आणि शिक्षिकेने ते आपण होऊन सांगितलं, विचारावं लागलं नाही.

वाळूची घड्याळंही खरी, काचेची, हाताने फुंकलेली. दमट हवेत वाळू अडखळते, जुन्या घड्याळात भोक झिजून ती लवकर संपते. एका सहप्रवाशाने गुपचूप फोनवर मोजून बघितलं तर आमचं 28 सेकंदांचं घड्याळ 30च्या आसपास चालत होतं. बोसनला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, सांगितलं तर तो म्हणाला, "मग हिशोबात आपण पुढेच आहोत ना? चांगलंय." हा माणूस मुरलेला.

दर अर्ध्या तासाला वेग आणि दिशा ट्रॅव्हर्स बोर्डवर मांडायची. एक लाकडी फळी, तिच्यावर होकायंत्राच्या 32 दिशा, प्रत्येक दिशेला मध्यापासून बाहेर आठ भोकं. अर्धा तास संपला, घंटा झाली, की ज्या दिशेने चाललो त्या दिशेच्या पुढच्या भोकात खुंटी. खाली वेगासाठी वेगळ्या ओळी. चार तासांची पाळी म्हणजे आठ घंटा, आठ खुंट्या. लिहिता न येणाऱ्या माणसालाही जमेल, पावसात भिजणार नाही, वारा उडवून नेणार नाही. पाळी संपली की मेट फळीवरून सगळं वहीत उतरवते, एकूण किती पूर्व आणि किती दक्षिण झालं ते काढते आणि खुंट्या उपसून फळी रिकामी. रात्री दोन वाजता, पाऊस अंगावर, हातात मिणमिणता कंदील घेऊन खुंटी कुठल्या भोकात घालायची यावर दोन सुशिक्षित माणसं भांडतात, तेव्हा या फळीची किंमत कळते.

आमच्या गटात एक निवृत्त गणित शिक्षक होते. त्यांना फळी पोरखेळ वाटली, म्हणून त्यांनी स्वतःच्या वहीत वेगळा हिशोब ठेवला. दुसऱ्या रात्री वही भिजली. मग मुकाट्याने फळीवर आले.

आता सूर्य, ज्याच्या दुपारच्या उंचीवरून अक्षांश निघतो. सप्टेंबरची सुरुवात असल्याने आमच्या अक्षांशावर भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून 48 अंशांच्या आसपास होता. भर दुपार म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. पाच-सहा अंश पश्चिमेला आणि वर इंग्लंडची उन्हाळी वेळ, त्यामुळे सूर्य सगळ्यात वर येतो तो सव्वा वाजून गेल्यावर. तो क्षण आला की मेट ओरडते, अर्ध्या तासाचं मोठं घड्याळ उलटं होतं आणि जहाजाचा नवा दिवस सुरू होतो. त्या काळी जहाजाचा दिवस मध्यरात्री नाही, दुपारी बदलत असे.

यंत्रं त्यांच्या इतिहासाच्या क्रमाने देतात. ॲस्ट्रोलेब आधी. प्रतिकृती उत्तम आहे, सुमारे अडीच किलोची, वारा आरपार जावा म्हणून आतून कोरून काढलेली, तळाला जास्त जाड. पण हलत्या डेकवर तो धरून मिळणारा आकडा एक अंश इकडे नाहीतर तिकडे. एक अंश म्हणजे साठ मैल! वास्को द गामा 1497 च्या नोव्हेंबरमध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सेंट हेलेना उपसागरात उतरला आणि मोठा लाकडी ॲस्ट्रोलेब जमिनीवर उभा करून त्याने सूर्य मोजला, तो याच कारणाने. पोर्तुगिजांना यंत्राची मर्यादा ठाऊक होती. आमच्या इथे मात्र ॲस्ट्रोलेबचा तास प्रामुख्याने फोटोंचा. प्रत्येकाने धरायचा, मागे शीड, हसायचं. मला हा वेळ फुकट गेला असं वाटलं. हेच यंत्र नांगरावर असताना, फॉलमथच्या शांत पाण्यात दिलं असतं, तर त्याला न्याय मिळाला असता.

मग क्रॉस-स्टाफ: लांब काठी आणि तिच्यावर सरकणारी आडवी पट्टी. काठीचं टोक गालाच्या हाडाला टेकवायचं, पट्टीचं खालचं टोक क्षितिजावर आणि वरचं सूर्यावर. एका डोळ्याने दोन गोष्टी एकदम, त्यातली एक आंधळं करणारी. काळी काच देतात, तरी त्रास होतोच. पहाटे ध्रुवताऱ्यावर मात्र हे यंत्र फार गोड चालतं. क्षितिज दिसू लागलंय आणि तारा अजून पुसला नाही, अशी थोडीच वेळ मिळते, तेवढ्यात उरकायचं. आज ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून पाऊण अंशाच्याही आत आहे. कोलंबसच्या काळात तो साधारण साडेतीन अंश दूर होता, म्हणजे नुसता तारा मोजून भागत नसे. शेजारच्या ताऱ्यांची स्थिती बघून किती मिळवायचं, किती वजा करायचं याचे नियम पाठ लागत. जहाजावर तो तक्ता टांगलेला आहे. कोणी समजावून सांगत नाही, पण मागितलं तर मेट बसून सांगते.

तिसरं यंत्र बॅकस्टाफ, आणि त्यावर माझा जीव जडला. डेव्हनचा दर्यावर्दी जॉन डेव्हिस, ग्रीनलंडच्या बाजूला बर्फातून वाट शोधणारा. त्याने 1595 मध्ये आपल्या पुस्तकात हे छापलं. सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं. वरच्या पट्टीची सावली समोरच्या फटीवर पाडायची आणि त्याच फटीतून क्षितिज बघायचं. डोळ्यांना त्रास शून्य. सावली सूर्याच्या वरच्या कडेची पडते, म्हणून सोळा मिनिटं (वेळेची नव्हेत, अंशाचे साठावे भाग) वजा करायला विसरायचं नाही. एवढं सांभाळलं की पहिल्याच दिवशी नवख्या माणसांचे आकडे वीसेक मैलांत आले, सरावलेल्यांचे दहा-बारा. इतक्या साध्या लाकडी चौकटीने एवढं काम करावं! धुरकट उजेडात सावलीच पडत नाही, हा एकच मोठा दोष, आणि ताऱ्यांसाठी अर्थातच निरुपयोगी.

ऑक्टंट शेवटच्या दिवसांत हाती येतो. जॉन हॅडलीने 1731 मध्ये लंडनमध्ये मांडलेला, दोन आरशांचा. सूर्य आरशातून खाली आणून क्षितिजावर टेकवायचा. जहाज हललं तरी दोघं एकत्रच हलतात. आम्ही सगळे एकदम दोन-तीन मैलांवर आलो. मला हे यंत्र घरचंच, पण आधीची तीन हाताळून त्याकडे आल्यावर हॅडलीने काय केलं ते हातांना कळलं. क्रम बदलू नका, असं कंपनीला मी लेखी कळवलंय.

आता शिसं, म्हणजे पाण्याची खोली मोजायचं वजन. खोल पाण्याचा लीड हा 28 पौंडांचा दांडा, तळाला खळगा, खळग्यात चरबी थापलेली. जहाज थांबवून सगळ्यांना बाजूने ओळीत उभं करतात, नाळेपासून मागपर्यंत, प्रत्येकाच्या हातात दोरीचं एक वेटोळं. पुढच्याने शिसं सोडलं की दोरी धावते. ज्याचं वेटोळं संपलं तो मागच्याला हाक देतो, बघ रे बघ, आणि तो आपलं सोडतो. तळ लागला की दोरी सैल. आमच्या वेळी 65 वाव (एक वाव म्हणजे सहा फूट). मग ते सगळं ओढून वर घ्यायचं, आणि हे काम गाणं म्हणत वगैरे कोणी करत नाही, सगळे धापा टाकतात. वर आलेल्या चरबीला चिकटलेलं असतं ते खरं फळ: राखाडी वाळू, मध्ये शिंपल्यांचा चुरा.

ही चरबी म्हणजे त्या काळचा नकाशा. पंधराव्या शतकातल्या एका इंग्रजी हस्तलिखितात स्पेनहून परतणाऱ्या जहाजाला सांगितलंय की 72 वावांवर स्वच्छ राखाडी वाळू लागली तर आयर्लंडचं केप क्लिअर आणि सिली यांच्या मधल्या उंचवट्यावर आलात असं समजा. रंग, जाडी, शिंपले, चिखल, सगळं पाठ. डोळ्यांना जमीन दिसण्याआधी शंभरेक मैल ती बोटांना लागत असे. शिक्षिकेने जुन्या वर्णनांची एक वही फिरवली आणि आमचा नमुना त्यात कुठे बसतो ते शोधायला लावलं. दोन ठिकाणी बसत होता, एकमेकांपासून चाळीस मैलांवर. तिने उत्तर सांगितलं नाही. म्हणाली, "अक्षांश काय आला होता दुपारी? ट्रॅव्हर्स काय म्हणतो? पुन्हा शिसं टाकायचं का?" एवढ्याशा प्रश्नांवर आमची दीड तास वादावादी झाली, आणि त्या दीड तासासाठी मी अर्धे पैसे आनंदाने देईन. कुठलंही एक साधन खात्रीचं नाही. पण तीन संशयास्पद साक्षीदार एकमेकांवर तपासले की काय खोटं आहे ते हळूहळू कळतं. टँकरवर आम्ही स्क्रीनवरच्या एका ठिपक्यावर जितका भरवसा टाकतो, तितका हे लोक कशावरच टाकत नव्हते.

म्हणूनच संध्याकाळच्या व्याख्यानावर माझा आक्षेप आहे. सिलीच्या जवळून जाताना कॅप्टनने 1707 ची गोष्ट सांगितली: ॲडमिरल क्लाउड्सली शव्हेलचं आरमार फ्रान्समधल्या तुलाँच्या मोहिमेवरून परतत होतं, त्या वेळच्या इंग्रजी तारखेप्रमाणे 22 ऑक्टोबरच्या रात्री सिलीच्या खडकांवर चार जहाजं फुटली, चौदाशे ते दोन हजार माणसं गेली. रेखांश काढता येत नव्हता म्हणून हे घडलं. मग 1714 चा कायदा, अर्ध्या अंशाच्या आत रेखांश काढणाऱ्याला 20,000 पौंड. मग जॉन हॅरिसन, रेखांश काढून देणारी त्याची घड्याळं, टाळ्या. गोष्ट रंगवून सांगितली. पण वाचलेल्या जहाजांच्या लॉगबुकांचा नंतर अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या अक्षांशांतही भरपूर तफावत निघाली. बरेच दिवस खराब हवा, सूर्य धड दिसलेला नाही, नकाशेही धड नाहीत, आणि हिशोबात धरलेलं एखादं माप सगळ्यांनी बरोबर मानलेलं. पुढे 1793 मध्ये जेम्स रेनेलने सिलीच्या पश्चिमेला उत्तरेकडे ओढणारा प्रवाह असतो असं मांडलं. घड्याळ नव्हतं एवढंच कारण सांगितलं की गोष्ट सोपी होते, आणि मग आठवडाभर दोरी ओढून आपण जे शिकतोय त्याला काही अर्थ राहत नाही.

हिशोबच मांडून बघा. सिलीचा अक्षांश साधारण 49 अंश 55 मिनिटं, उशाँचा 48 अंश 28. मध्ये 87 मैलांचं दार. मधोमध धरून आलात तर दोन्ही बाजूंना त्रेचाळीस-चव्वेचाळीस मैल. बॅकस्टाफवाल्याला हे पुरतं, ॲस्ट्रोलेबवाल्याला पुरत नाही, आणि चार दिवस सूर्य न दिसलेल्याला तर फक्त शिसंच. दार सापडण्यासाठी रेखांश लागत नाही; दार किती जवळ आलंय हे कळायला लागतो, आणि त्यासाठी शिसं बऱ्यापैकी काम देतं. उशाँबद्दल ब्रेटन खलाशांची म्हण आहे की ज्याने उशाँ पाहिलं त्याने आपलं रक्त पाहिलं. हे दार चुकलं तर काय होतं, ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक.

हॅरिसनबद्दल राग नाही हं माझा. उलट कॉर्नवॉलच्या दक्षिणेचं लिझार्डचं टोक दिसलं तेव्हा तिथली खरी गोष्ट सांगायची संधी कॅप्टनने घालवली. 1736 मध्ये हॅरिसनचं पहिलं यंत्र लिस्बनला नेऊन ऑर्फर्ड नावाच्या जहाजाने परत आणलं. इंग्लंडचा किनारा दिसला, जहाजाच्या मास्टरच्या हिशोबाने ते स्टार्ट पॉइंट, म्हणजे आणखी पूर्वेचं टोक. हॅरिसन म्हणाला, नाही, लिझार्ड आहे. लिझार्डच निघालं, फरक साठेक मैलांचा. मास्टरने तसं प्रमाणपत्र लिहून दिलं. समोर लिझार्ड दिसतोय आणि ही गोष्ट सांगत नाहीत! तसंही घड्याळ सिद्ध झाल्यावर ते सगळ्यांना मिळालं असं नाही. किंमत इतकी, की बहुतेक जहाजांवर क्रोनोमीटर, म्हणजे असं अचूक जहाजी घड्याळ, पोचायला एकोणिसावं शतक उजाडलं. तोवर चंद्र. 1767 पासून नेव्हिल मॅस्केलाइनचं नॉटिकल अल्मनॅक निघू लागलं, चंद्र आणि तारा यांच्यातलं अंतर मोजून रेखांश काढायचा. मोजमापात एक मिनिट चुकलं तर रेखांशात अर्धा अंश. एका संध्याकाळी याचा प्रयोग झाला. सुरुवातीला सगळे, आकडेमोड संपेपर्यंत मी, गणित शिक्षक आणि एक हट्टी डच मुलगी. उत्तर तिचं सगळ्यात जवळ.

शिडांबद्दल थोडक्यात. यार्डवर, म्हणजे शीड बांधायच्या आडव्या काठीवर, चढायचं तर हार्नेस सक्तीचा, शिकवणी चोख, कोणावर जबरदस्ती नाही. चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या दिशेशी साधारण 67 अंशांपेक्षा जवळ जात नाही, म्हणजे वाऱ्याविरुद्ध जायचं तर नागमोडी वाट, आणि प्रत्येक वळणाला सगळे डेकवर. आम्हाला नैर्ऋत्येला जायचं होतं आणि वाराही नैर्ऋत्येचाच. अर्धा दिवस कसरत करून लिझार्डपासून फारसे हललो नाही, तेव्हा कॅप्टनने इंजिन लावलं. वेळापत्रक आहे, समजतं. पण फॉलमथला जुन्या काळी जहाजं अनुकूल वाऱ्यासाठी आठवडेच्या आठवडे पडून असत. डाक नेणारी पॅकेट जहाजं 1688 च्या सुमारापासून दीडेक शतक इथूनच सुटत आणि वाऱ्याची वाट बघणं हा त्यांच्या नोकरीचाच भाग. तो भाग कोणी विकत घेणार नाही, मान्य. निदान इंजिन लावल्यावर शिडं उघडी ठेवून फोटो काढू नयेत.

जेवण चांगलं, साधं, गरम. शाकाहारी असाल तर फॉर्मवर ठळक लिहा, नाहीतर सूपमध्ये बेकन येतं. एक दिवस हौसेने जहाजी बिस्किट देतात, दाताची काळजी घ्या. त्याच दिवशी लिंबू वाटून जेम्स लिंडची गोष्ट सांगतात, 1747 मध्ये सॉल्सबरी जहाजावर बारा स्कर्व्ही रुग्णांचा प्रयोग (स्कर्व्ही म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा आजार). पण इंग्रज आरमाराने लिंबाचा रस सक्तीचा करायला 1795 उजाडलं हे सांगताना आवाज खाली येतो. झोपायला झोळी. आरमारात माणशी 14 इंच जागा असे, इथे त्याच्या दुप्पट तरी आहे. पाठीचं दुखणं असेल तर बंक मागून घ्या, थोडे आहेत.

तक्रारी राहिल्या त्या. पाळ्या कागदावर तीन, प्रत्यक्षात रात्रीच्या पाळीला तेच चार-पाच जण. जे आले नाहीत त्यांना कोणी काही बोललं नाही. होकायंत्राचं व्हेरिएशन, म्हणजे सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते, हा विषय दहा मिनिटांत गुंडाळला. ज्या गोष्टीसाठी एडमंड हॅलीने 1698 ते 1700 दरम्यान अटलांटिक पालथा घातला, तिला एक संध्याकाळ तरी द्यायला हवी. आणि शेवटी जीपीएसचा खरा मार्ग दाखवतात तो भिंतीवर लावून दोन मिनिटांत. आमचा नुसता लॉग आणि होकायंत्राचा हिशोब चौदा मैल दक्षिणेला आणि नऊ मैल पूर्वेला निघाला. दुपारचे अक्षांश घेतल्यावर दक्षिणेचा भाग सुटला, पूर्वेचा राहिला. त्या नऊ मैलांत आमच्या सैल घड्याळाचा वाटा किती, प्रवाहाच्या ओढीचा किती, हे बसून उलगडायला हवं होतं. आम्ही विचारलं तोवर सामान उतरवायची घाई सुरू झाली होती.

जाणाऱ्यांसाठी: भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचाही व्हिसा लागतो आणि शेंगेनचाही, कारण उतरणं फ्रान्समध्ये आहे, हे कंपनीच्या पत्रात बारीक अक्षरात आहे. कामारेहून ब्रेस्टला आणि तिथून रेल्वेने पॅरिसला जाता येतं. भाडं साडेअकराशे पौंड, ओलं न होणारं जाकीट आपलं आपण न्यायचं, बोटं उघडी असलेले हातमोजे न्याच. पोहता येणं सक्तीचं नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी पहिले दोन दिवस गृहीत धरूनच जावं.

पाचपैकी चार तारे. वर्षातून अनेक सफरी असतात आणि जूनची सगळ्यात आधी भरते, दिवस मोठा म्हणून. माझं ऐकाल तर सप्टेंबरची घ्या. जूनमध्ये दुपारचा सूर्य तिथे 63-64 अंशांवर जातो आणि क्रॉस-स्टाफ इतक्या उंचीला नीट चालत नाही. पहाटही इतकी लवकर होते की ध्रुवताऱ्यासाठी कोणी उठत नाही.